केंच्याला मरण नाही

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात कापडाची दुकानं पुष्कळ. पण हातगाडीवालासुद्धा ज्याच्यासमोर आवाज खाली आणतो असं दुकान एकच, विठ्ठलराव मिरजकरांचं. माणूस रागीट म्हणावा तर तसंही नाही. पण साऱ्या बाजारानं त्यांना 'अण्णा' करून ठेवलेलं, आणि एकदा अण्णा झाला की माणूस संपला. अमक्याची सून माहेरी का बसली, तमक्यानं दुसरा संसार कुठं थाटला, असल्या चवदार बातम्या पायरीपायरीनं फिरायच्या. मिरजकरांची पायरी आली की बातमी उडी मारून पलीकडं. बिचाऱ्यांना सगळं शेवटी कळायचं, तेही बारशाचं आमंत्रण आल्यावर.

हे अण्णापण अठराव्या वर्षी गळ्यात पडलेलं. वडील गेले, दुकान अंगावर आलं. धाकटा श्रीहरी एकदा गिऱ्हाइकांदेखत "ए विठ्या" म्हणाला, तर भर दुकानात त्याच्या मुस्काटात बसली. "दुकानात अण्णा म्हणायचं!" श्रीहरीनं ते इतकं मनावर घेतलं की स्वतः आजोबा झाला तरी थोरला भाऊ दिसला की सिगारेट खिडकीबाहेर फेकतो. एकदा ती खाली वाळत घातलेल्या शेवयांत पडली, पण घरात कुणी हसलं नाही. अण्णा होते ना समोर. कुसुमबाई होत्या तोवर त्या चारचौघांत "अहो" म्हणायच्या आणि आतल्या खोलीत नवऱ्याची यथासांग हजेरी घ्यायच्या. त्या गेल्या आणि विठ्ठलरावांना तिखट बोलणारं कुणी उरलं नाही.

अशात एक दिवस केशवापूरचा मंजुनाथ दुकानात आला. औषधकंपनीचा विक्रेता, तोंडाचा गोड. काळी मखमल मागत होता.

"देवाला की लग्नाला?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"फाशांना, अण्णा."

"जुगार खेळतोस?"

"छे वो! गोष्टीचा खेळ. मी गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होतात. कोण शिपाई, कोण चेटकीण. कुणी काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं, जमलं का नाही ते फासा सांगणार. वीस बाजूंचा असतोय."

"मग जिंकतं कोण?"

"कुणीच नाही. मरतात तेवढे." मंजुनाथ हसला. "आता तर माणूसच कमी पडलाय. आमचा एक गडी बंगळूरला गेला."

विठ्ठलरावांनी मखमल मापली, कापली, घडी घातली आणि घडीकडं बघतच म्हणाले, "मी आलो तर चालेल?"

रविवारी ते रिक्षानं केशवापूरला गेले. मंजुनाथच्या घरी वरच्या खोलीत सतरंजी अंथरलेली, मधे बुटकं टेबल. बँकेतली उत्तरा आणि संगणक शिकवणारा संतोष असे दोघं आधीच बसलेले. सगळे ताडकन उभे राहिले. गादीची खुर्ची आली, पहिला चहा त्यांना आला, नियम तीनतीनदा समजावून झाले. अशी माया त्यांच्यावर सख्ख्या व्याह्यांनीसुद्धा केली नव्हती.

"तुमचा माणूस कसला, अण्णा?" उत्तरानं विचारलं. "राजगुरू करू या?"

"नको. पोरगा करा. अठरा वर्षांचा."

"आईबाप?"

"कुणी नको. भाऊबीऊ पण नको."

"आणि धंदा?"

विठ्ठलराव चक्क लाजले. "चोरी."

नाव ठेवलं केंच्या. आणि खेळ सुरू झाला तशी गंमत झाली. गोष्टीतल्या चोराला कोण अहोजाहो करतंय? उत्तरा, म्हणजे गोष्टीतली चेटकीण, ओरडली, "बारो केंच्या, बारो! ये की लवकर! गाढवा, दिवटी विझव आधी!" विठ्ठलरावांनी दिवटी विझवली. त्या संध्याकाळी ते रिक्षा न करता चालत निघाले आणि वाटेत स्वतःशीच म्हणत होते, "गाढवा... दिवटी विझव." एका पानवाल्यानं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी बाजारात बोभाटा झाला की अण्णांचं डोकं फिरलंय. त्यांच्यापर्यंत तोही अर्थात पोचला नाही.

या मंडळींची एक रीत होती. ज्याचा माणूस गोष्टीत मरेल, त्यानं सगळ्यांना चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची-भजी चारायची, आणि इतरांनी मेलेल्याची पोटभर निंदा करायची. संतोषचा शिपाई मेला तेव्हा उत्तरा म्हणाली, "मेलं ते बरं झालं, तलवारीपेक्षा पोट पुढं होतं!" संतोष भजं खाता खाता ठसकेपर्यंत हसला. विठ्ठलराव बघत राहिले. दुकानात नवी साडी बघणाऱ्या गरीब बाईच्या डोळ्यांत जे असतं, ते त्यांच्या डोळ्यांत होतं.

त्यांनाही मरायचं होतं. केंच्या मेल्यावर ही पोरं काय काय बोलतील, याची मनातल्या मनात जुळवाजुळव चालायची. चोर असून दाराची कडी वाजवून आत जायचा, म्हणतील. पळताना धोतर सुटायचं, म्हणतील. पण केंच्या मरेना. संतोषचे दोन शिपाई गेले, उत्तराची चेटकीण विहिरीत बुडाली, आणि केंच्यावर आलेला प्रत्येक बाण भिंतीत. विठ्ठलराव मुद्दाम त्याला सापाच्या बिळात घालायचे. साप झोपलेला असायचा. "नशीब दांडगं, अण्णा!" मंजुनाथ म्हणायचा. सापांचे, शत्रूंचे फासे तो पुठ्ठ्याच्या आडोशामागं टाकायचा. गोष्ट सांगणाऱ्याची तशीच पद्धत असते.

मग कलघटगीची रूपाली आली. नर्स, नव्यानंच हुबळीत बदली झालेली, बोलायला फटकळ. जागा नव्हती म्हणून मंजुनाथला खेटून, आडोशाच्या आतल्या बाजूला बसली. त्या दिवशी केंच्या गुहेतल्या अस्वलासमोर एकटाच, हातात नुसती सुरी घेऊन उभा राहिला. मंजुनाथनं फासा टाकला.

"अरेरे, पंजा हुकला! अस्वल भिंतीवर आदळलं."

"हुकला कुठं?" रूपाली म्हणाली. "वीस पडलेत की. वीस म्हणजे मेला ना?"

विठ्ठलराव खुर्चीतून अर्धे उठले. "मेलो! अरे, मेलो की मी!" चेहरा असा फुललेला, जणू घरात पाळणा हललाय. कुणीच हसेना, तेव्हा ते हळूच बसले. मंजुनाथकडं बघितलं. तो मान वर करत नव्हता.

"याच्या आधीपण?"

"अण्णा..."

"सापसुद्धा?"

"राहू दे की, अण्णा," उत्तरा म्हणाली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. संतोष सतरंजीचा दोरा उपसत बसला होता.

"तुमच्यावर हात कसा उचलायचा वो?" मंजुनाथ रडवेला झाला. "आमच्या अप्पांच्या वयाचे तुम्ही."

"हात तू नव्हता उचलायचा. अस्वलानं उचलायचा होता."

मग विठ्ठलराव स्वतः जिना उतरून कोपऱ्यावर गेले, गिरमिट आणि गरम भजी घेऊन आले, टेबलावर पुडा सोडला. "केंच्या मेला. बोला आता."

भजी निवत चालली. शेवटी संतोष उभा राहिला, हात पुढं बांधून, शोकसभेत राहतात तसा. "केंच्या फार धीराचा होता. त्याचा आम्हाला मोठा आधार होता."

"दिवटी वेळेवर विझवायचा," उत्तरा म्हणाली.

"अरे, शिव्या द्या!" विठ्ठलराव जवळजवळ ओरडले. "चोर होता तो! भित्रा होता, बोला!"

त्या आवाजानं मात्र सगळी सावरून बसली. साऱ्या दुर्गदबैलाला गप्प करणारा तोच तो आवाज. रूपालीनं पदर खोचला, वाकली आणि त्यांच्या पायांना हात लावला. "चुकलं माझं, अण्णा. नवीन आहे मी." तिच्यामागं मंजुनाथ वाकला, मग उत्तरा, मग भज्याचे तेलकट हात पँटला पुसून संतोष. विठ्ठलरावांचा हात आपोआप एकेकाच्या डोक्यावर गेला. साऱ्या जन्माची सवय, कुठं जाणार?

पुढच्या रविवारी येणार नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण रविवारी दुपारी श्रीहरीच्या खोलीत टीव्ही लागला, ते दारात गेले, आणि टीव्ही बंद झाला. त्यांनी रिक्षा बोलावली.

वर त्यांच्यासाठी नवा माणूस तयार होता. ऋषी. वय शंभराच्या पुढं, लढाईत जायचं नाही, शस्त्र त्याला लागत नाही, अडलं की त्याचा सल्ला घ्यायचा. विठ्ठलरावांनी कागद वाचला आणि खिशात ठेवला.

अजून जातात. गेल्या रविवारी टोळी वाट चुकली, तेव्हा सगळे त्यांच्याकडं वळले. विठ्ठलरावांनी एकेकाचं तोंड न्याहाळलं आणि म्हणाले, "कड्यावरून उड्या टाका."

कुणी का म्हणून विचारलं नाही. एकामागोमाग एक सगळ्यांनी उड्या टाकल्या. मंजुनाथनं आडोशामागं फासा टाकला आणि कड्याखाली एक मोठं तळं निघालं.

"बघा," उत्तरा रूपालीला म्हणाली, "अण्णांना आधीच ठाऊक होतं."

तेवढ्यात चहा आला. पहिला कप त्यांच्यापुढं ठेवला, आणि त्यांनी उचलेपर्यंत बाकीचे थांबून राहिले.