ढिली स्लिंग

देवाजी काही गोड माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. अख्ख्या खुर्सीपार वस्तीत त्याच्याशी कोणी दोन मिनिटं सरळ बोललं असेल तर शपथ! तीस वर्षं क्रेनला ओझी बांधण्यात गेली. हात राकट, तोंड त्याहून राकट. आणि सगळ्यात जास्त राग पोटच्या पोरीवर, वसुंधरेवर. बत्तिसावं लागलं, लग्नाचं नाव नाही, दिवसभर कॉलेजच्या लॅबमध्ये.

"काय करून राहिली तू तिथं? पाणी रंगवून राहिली!" तो रोज खेकसायचा.

तीही त्याचीच पोर, फटकन उत्तर द्यायची. ती औषधासाठी एक रेणू घडवत होती. हगवणीच्या एका जंतूचं विष आतड्याला पाच जागांनी चिकटतं. तिच्या रेणूला पाच हात द्यायचे, आणि आतड्याआधी त्यांनीच त्या पाचही जागा धरायच्या. दोनदा फसलं होतं. तिसऱ्यांदा फसलं तर काम बंद, असं सरांनी बजावलं होतं.

त्या रविवारी ती मण्यांचा आणि तारांचा नमुना घेऊन बसली होती. विष म्हणून मातीचा गोळा, त्यावर पाच खाचा, मधल्या मण्यातून निघालेल्या पाच तारा. देवाजीनं जाता जाता पाहिलं आणि कुत्सित हसला.

"तीनच धरून राहिले. दोन पोचतच नाहीत."

"बापू, हे लोखंड नोहे. तुमाले यातलं काय समजते?"

"हात आखूड आहेत, म्हणून मधला मणी एकीकडे ओढला जाते. क्रेनचं ओझंही असंच, चार स्लिंगांनी, म्हणजे दोरांनी, बांधलेलं. एक ढिली राहिली की भार बाकीच्यांवर, आन् ओझं गर्रकन फिरते."

"एवढी अक्कल होती, तर नत्थूकाका कसे मेले?"

घरात हे नाव कोणी काढत नसे. नत्थू त्याचा जोडीदार. बारा वर्षांपूर्वी एका ठेकेदाराच्या शेडमध्ये ओझ्याखाली सापडला. तो स्वतःच वेंधळ्यासारखा खाली गेला, असं देवाजीनं सगळ्यांना सांगितलं होतं.

देवाजी भिंतीला टेकला. "दिसली होती मले ढिली स्लिंग. सुपरवायझर घाई करून राहिला होता. क्रेनवाल्याले उचल म्हणून हात मीच दाखवला."

वसुंधरा त्याच्याकडे किळस आल्यागत पाहत राहिली. "रंभाकाकूले खरं सांगा. उद्याच. नाहीतर मी सांगीन."

मग तिनं आखूड तारा उपसून फेकल्या आणि लांब तारा कापल्या. पाचही हात खाचांत बसले.

नत्थूची बायको रंभा चौकात चहाची टपरी चालवायची. रोजचा पहिला कप देवाजीचा. सकाळी कप हातात धरूनच त्यानं सगळं सांगितलं.

रंभानं त्याच्या हातातला कप काढून घेतला आणि चहा नालीत ओतला.

"बारा वर्षं मी पोराले सांगत आली भाऊजी, तुझा बाप वेंधळा होता म्हणून मेला."

आणि ती मागच्या गिऱ्हाइकाकडे वळली. "बोलो भैया, कितनी चाय?"