तानपुऱ्याचे चार दोरे

स्वतःची फजिती स्वतःच्या तोंडानं सांगायची तर सुरुवात कुठून करावी? तानपुऱ्यापासूनच करते. तुम्ही कधी जवळून पाहिलाय हो? आमच्या घरात तो आला तेव्हा मी त्याच्या पाया पडायला वाकले, मग लक्षात आलं, याला पाय कुठे असतात!

माझी रेवती दहावीला. शाळेत तिनं संगीत घेतलेलं. दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा, म्हणून सरांनी शाळेतला एकुलता एक तानपुरा एका दिवसासाठी घरी दिला. ऑटोत तो ऐसपैस बसून आला, पोरगी बिचारी कडेला लटकत!

त्यात मार्गशीर्षातला गुरुवार. लक्ष्मीची मांडणी झालेली, आणि शेजारी साक्षात सरस्वती! रेवती आंघोळीला गेली तशी मी मऊ फडक्यानं एकेक तार पुसायला घेतली. बघते तर काय! तारा ज्या पांढऱ्या पट्टीवरून जातात (तिला घोडी म्हणतात हे नंतर कळलं), तिथे प्रत्येक तारेखाली दोऱ्याचा तुकडा अडकलेला. चार तारा, चार दोरे. काय ही शाळेतली पोरं! विद्येच्या वस्तूत असा कचरा? हलकेच ओढून काढले, केरात टाकले आणि हळदकुंकू वाहिलं.

रेवतीनं येऊन तार छेडली. टप्प!

"आई, हा असा काऊन बोलून राह्यला? काल शाळेत तर सारी खोली भरली होती!"

सकाळीच शेजारच्या सुमनबाई म्हणाल्या होत्या, "बाप्पा, केवढा मोठा भोपळा हो याचा!" लागली ना दृष्ट! मीठमिरच्या उतरवल्या. टप्प! नारळ बोलले. टप्प! आणखी पाच गुरुवार कबूल केले. तानपुरा ढिम्म!

"उपास नको वाढवू वं आई," रेवती रडकुंडीला आली, "सरायले फोन लाव! याच्याबिगर उद्या माहा सूरच लागत नाही."

सर धावत आले. वाकून पाहिलं.

"काकू, इथले दोरे कुठी गेले?"

"कचरा होता सर. म्या साफ केला."

सरांनी केराच्या टोपलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "शिलाईचा सुती दोरा असंन तर आना."

एकेका तारेखाली त्यांनी दोरा सरकवला. केसभर इकडे, केसभर तिकडे. शेवटी चारही तारा छेडल्या, आणि काय सांगू! देवळातली घंटा थांबल्यावर मागे जो नाद घुमत राहतो ना, तो आमच्या घरभर! बोटभर दोरा, आणि एवढी करणी? अंगावर काटा आला, डोळे मिटले, हात आपोआप जुळले.

"चला, उद्याचं निभलं," सर म्हणाले.

"निभलं काय म्हनता सर!" मी मिटल्या डोळ्यांनीच म्हटलं. "काय गाऊन राह्यली हो माही पोरगी! असं गानं म्या जन्मात आइकलं नाही!"

"आई," रेवती माझ्या कानाशी कुजबुजली, "म्या अजून तोंडच नाही उघडलं."