बॉनेटवरचा साथिया

हेमांगीने शेडवर बोर्ड लावला आणि पहिल्याच रविवारी सकाळी दारात येऊन उभा राहिला तो ट्रॅक्टर. चाकांच्या खाचांत काळी माती वाळून दगडासारखी बसलेली, मागच्या फाळांना मुळ्या लोंबत होत्या. वर बसलेला माणूस खाली उतरायच्याही तयारीत नव्हता.

"बन्सीनाना सांगे, त्यास्नी सून गाड्या धुई देस."

"धुत नही भाऊ, डिटेलिंग करस," हेमांगी म्हणाली.

"म्हंजे?"

"म्हंजे कारना रंग घासीसन, पॉलिश करीसन नव्यासारखा करना. आतल्या सीटा, छत, सम्दं साफ करनं."

तो जरा विचारात पडला. "मंग पह्यले धुनं तं पडीच ना?"

 आधी धुवावं तर लागतंच. तिने दात आवळले आणि ओट्याकडे पाहिलं. ओट्यावर तिचे सासरे, बन्सीलाल, चहाची बशी तोंडाला लावून बसले होते आणि सुनेला आपण गावभरचं गिऱ्हाईक मिळवून देतोय या समाधानात होते.

हेमांगी आठवडाभर नंदुरबारला एका संस्थेत कॉम्प्युटर शिकवायची. सकाळी स्कूटीवर जायची, दुपार कलली की परत. डिटेलिंगचा किडा तिच्या डोक्यात शिरला तो सुरतेत. तिथे तिच्या भावाचं याच कामाचं दुकान. त्याचा पाय मोडला तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत ती मदतीला गेली. गल्ला सांभाळायला म्हणून गेली आणि पॉलिशचं मशीन हातात धरून बसली. ओरखड्यांनी पांढुरका पडलेला काळा रंग मशीनखालून हळूहळू खोल, ओला दिसायला लागतो, त्यात वरचं पत्र्याचं छप्पर उमटतं, मग आपला चेहरा. ते पाहून तिला जे वाटलं ते तिने कोणालाच धड सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, भांडं घासल्यावरही चेहरा दिसतो. भावाने जुनं मशीन तिला देऊन टाकलं. ते ओढणीत गुंडाळून, मांडीवर घेऊन ती पॅसेंजरने नंदुरबारला उतरली.

नवऱ्याने, भावेशने, हरकत घेतली नाही. "करी पाय," म्हणजे करून बघ, एवढंच म्हणाला. भावेश वीज कंपनीत लाइनमन. पण हेमांगीने मशीन सुरू केलं की रविवारची लाइट जायची, आणि जाताना लाइनमनचं घर कोणतं हे बघून जात नसे. लोक तिलाच विचारायचे, "वहिनी, लाइट कव्हय येई?" ती हातातलं बंद मशीन दाखवायची. भावेश आत पंख्याशिवाय घोरत असायचा.

पाण्याची गत वेगळी. बोअरचं पाणी एवढं क्षाराचं, की गाडी धुऊन उन्हात ठेवली की थेंब न थेंब पांढरा ठिपका होऊन बसायचा. रांगोळी काढल्यासारखी गाडी. मग गावातल्या फिल्टरच्या पाण्याचे जार आणायचे. ते जार पाहून नाना, म्हणजे सासरे, हळहळायचे. "माणसंस्ले प्यावाले बोअरनं, आनि गाडीस्ले फिल्टरनं!" त्यात नात्यातला कोणीही गाडी घेऊन आला की ते स्वतः उठून पुढे व्हायचे. "घरनाच माणूस शे. त्यानाकडथीन काय लेवानं?" त्यांच्या कोरीटमध्ये आणि आसपासच्या गावांत बन्सीलालना परका असा माणूस सापडणं कठीण होतं. दोन महिने हेमांगीने घरच्याच माणसांच्या सीटखालून शेंगदाण्याची टरफलं, हरवलेल्या चपला आणि एकदा वाळून काडी झालेली पालीची शेपटी काढली. बदल्यात आशीर्वाद मिळाले.

खरं, पैसे देणारं गिऱ्हाईक आलं ते हेमकांत. नंदुरबारला त्याचं बी-बियाणं, खतांचं दुकान. गाडी काळी, मोठी आणि बघवत नाही अशी. डिकीत खताची पोती वाहिलेली, दारांवर ओरखडे. पुढच्या आठवड्यात भाचीचा साखरपुडा होता आणि मुलाकडच्यांना स्टेशनवरून आणायला हीच गाडी जाणार होती.

"सम्दं साफ करी टाक, ताई. गाडी नवी दिसाले पाहिजे."

बॉनेटच्या मधोमध एक मोठं तांबूस स्वस्तिक होतं. इकडे त्याला साथिया म्हणतात. नवी गाडी आली की कुंकू तेलात कालवून काढतात, दसऱ्याला पुन्हा गिरवतात. या साथियावर थर चढून चढून कुंकू काळं पडलं होतं, कडा फुटल्या होत्या, तेलाचा ओघळ खालच्या जाळीपर्यंत गेला होता. हेमांगीने फोन लावून खात्री करून घेतली. "बॉनेटवरचंही काढू ना?" पलीकडून हेमकांतच्या दुकानातला गलका ऐकू येत होता. "डाग काढालेच तं गाडी देल शे, ताई!" म्हणाला आणि फोन ठेवला.

तिने रविवार घातला. सोमवारी संस्थेत अर्धी रजा टाकली. गाडी कशी उजळत गेली ते बघायला नानासुद्धा ओट्यावरून उठून दोनदा आले, तोंडाने मात्र "लई वखत लागस बा हाई कामले" असंच म्हणाले. बाकी सगळं निघालं, साथिया काही पुरता निघेना. कुंकू गेलं, तेल गेलं, लाली गेली. पण रंगात तो इतका मुरला होता की सरळ बघितलं तर बॉनेट आरशासारखं, आणि बाजूने वाकून, डोळे बारीक करून पाहिलं तर तीच आकृती, पाण्यातल्या सावलीसारखी. हेमांगीने त्यावर पुन्हा मशीन फिरवलं, पुन्हा वाकून पाहिलं. आहेच! जास्त घासलं तर वरचा थरच जाईल. शेवटी ती स्वतःवरच चिडली, मशीन ठेवलं आणि मनाशी म्हणाली, हेमकांत कशाला वाकून बघतोय?

हेमकांतने वाकून बघितलं नाही. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, आरशात मिशी नीट केली आणि खुशीत गाडी घेऊन गेला. त्या संध्याकाळी हेमांगीने स्वयंपाकघरात उगाचच शिरा केला.

दुसऱ्या दिवशी ती संस्थेतून येऊन हातपाय धुते न धुते, तोच काळी गाडी पुन्हा दारात. चालवत हेमकांत होता, पण मान खाली. शेजारच्या सीटवरून एक उंच म्हातारी उतरली. डोक्यावरचा पदर घट्ट, कपाळ मोकळं. ही हेमकांतची आई, गजराबाई. ती ओट्याकडे गेली नाही, पाणी मागितलं नाही. बॉनेटवर तळहात आपटून म्हणाली,

"कोणी पुसा मन्हा साथिया?"

"मी पुसा, मावशी," हेमांगी म्हणाली. "हेमकांतभाऊनी सांगं व्हतं. डाग काढी टाक म्हने."

"डाग?" गजराबाई मुलाकडे वळली. "तुन्हा बापना हातना साथिया. तुले डाग दिसना?"

हेमकांत किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिला. "माय, मन्हा ध्यानमाच नही उनं..."

"गाडी उनी त्या रोज त्यास्नी काढा व्हता," म्हातारी आता कोणाकडेच न बघता बोलत होती. आवाजात रडू नव्हतं, नुसता संताप. "मागला साल ते गयात. दसराले त्यास्नीच रेघवर मी बोट फिरावं. आते कशावर फिराऊ? हाई काचवर?"

नाना लगबगीने ओट्यावरून उतरले. हेमांगीला वाटलं, आता तरी दोन शब्द सुनेच्या बाजूने पडतील. नाना म्हणाले, "मी तं इले पह्यलेच सांगे, गजराबाई, हाई काम आपलं नही."

हेमांगीच्या डोक्यात तिडीक गेली. फोन करून विचारलं ते तिने. रजा टाकली तिने. बापाच्या हाताचा साथिया ज्याला डाग वाटला तो किल्लीशी खेळतोय, आणि ज्यांनी गावभर गाड्या धुण्याची दवंडी पिटली ते आज नामानिराळे! तिला वाटलं, सरळ बोर्ड उतरवावा, मशीन पुन्हा ओढणीत गुंडाळावं, सुरतेची गाडी पकडावी.

"हेमकांतभाऊ, मी तुम्हले फोनवर इचारं व्हतं का नही?"

"इचारं व्हतं," तो पुटपुटला.

"मंग मायले सांगा ना तसं!"

"सांगं. ती म्हनस, तुले बी अक्कल नही आनि तिले बी नही."

यावर भांडायला काही जागा उरली नव्हती. हेमांगीने गजराबाईकडे पाहिलं. म्हातारीचा हात अजून बॉनेटवरच होता, बोटं त्या गुळगुळीत रंगावर काहीतरी चाचपत होती. आणि हेमांगीला एकदम तिचं कालचं अपयश आठवलं. जे लपवून गाडी दिली ते आता आपणहून दाखवायचं म्हणजे मरणच, पण इलाज नव्हता.

"मावशी, आठे या. दाराकडथीन. थोडं वाका आनि उजेडकडे तोंड करीसन देखा."

गजराबाई नाखुशीनेच वाकली. ऊन कललेलं होतं, तिरपं येत होतं. हेमांगीने बॉनेटवर तोंडाची वाफ सोडली. वाफ धरली आणि विरता विरता चार बाहू दिसले, डावीकडचा जरा लांब, टोकाला वाकडा.

म्हातारीने वाकल्या वाकल्याच त्या लांब बाहूवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "डावा हात लांबच काढेत ते. मी कितींदा सांगं." तिने कंबर सरळ केली. "कुंकू आन."

हेमांगीने कुंकवाचा करंडा आणला, वाटीत पाणी आणलं.

"तेल आन."

"तेल नको, मावशी. तेल रंगमा मुरस. मंग कधीच निंघत नही."

"मुरू दे," गजराबाई म्हणाली.

दीड दिवस घासून आरसा केलेल्या बॉनेटवर तेलातल्या कुंकवाचं बोट टेकलं तेव्हा हेमांगीने डोळे मिटून घेतले. म्हातारी वाफ सोडायची, रेघ शोधायची, बोट फिरवायची, पुन्हा वाफ सोडायची. ओघळ आला. हेमांगीला राहवेना. ती आत जाऊन कापूस लावलेल्या काड्या घेऊन आली आणि बोटामागून एकेक कड पुसत गेली. "मावशी, थांबा ना जरासं, आठे पसरी ऱ्हायनं," ती वैतागून म्हणाली. "मंग तू लवकर पूस ना," म्हातारी तितक्याच वैतागाने म्हणाली. दोघी बॉनेटवर वाकून अशा एकमेकींवर खेकसत होत्या आणि हेमकांत व नाना दोन हात अंतर राखून उभे होते.

झाल्यावर गजराबाईने पाणी मागितलं, प्याली, आणि गाडीत बसता बसता म्हणाली, "बाकी गाडी चांगली चमकाडेल शे."

साखरपुड्याला ती गाडी गेली आणि तिथून गोष्ट पसरली. पसरताना तिचं जे व्हायचं ते झालं. कोरीटला एक बाई आहे, ती गाडी नवी करून देते, पण साथियाला हात लावत नाही, उलट पुसला गेलेला साथिया वाफेतून परत आणते! शहाद्याहून एक जण आला, त्याच्या सेकंडहँड घेतलेल्या गाडीवर आधी साथिया होता का ते तपासायला. हेमांगीने कपाळावर हात मारला. पण त्याने आत-बाहेर पूर्ण काम करून घेतलं. त्याच्या मागून त्याचा मेहुणा आला, मेहुण्याच्या मागून त्याचे डॉक्टर. आता रविवारी दारात गाडी नाही असं होत नाही. नाना ओट्यावरून प्रत्येकाला सांगतात, "मन्हीच सून शे. मीच म्हनं, कर." हेमांगी ते ऐकते आणि पाण्याचा पाइप जरा जोरात सोडते.

एक नियम तिने घातला. गाडी कोणाचीही असो, घरातल्या बाईला फोन लावल्याशिवाय ती कापडसुद्धा टेकवत नाही. पुरुष चिडतात. "गाडी मन्ही शे ना?" असेल. तरी फोन लावा. आणि फोनवरून काय काय निघतं! मागच्या काचेवरचं अर्धं फाटलेलं फुलपाखरू मुलीने पहिलीत असताना चिकटवलंय, ते राहू दे. डॅशबोर्डवरचा सुकलेला नारळ सासूबाईंचा आहे, त्याला हलवू नको, पण त्याच्याखालून पूस. हे ऐकण्यात तिचा निम्मा रविवार जातो, आणि मशीन हातात तसंच राहतं.

परवा चिंचपाड्याहून एक राखाडी गाडी आली. आणणारा गाडीवाल्या बाईचा भाऊ होता. बाई दवाखान्यात नर्स, कामिनी नावाची. गाडीत मागे लोंबणारे गोंडे, काचेवर दोन नावं जोडून लिहिलेली सोनेरी अक्षरं, आरशाला कसलासा ताईत. हेमांगीने नियमाप्रमाणे फोन लावला आणि यादी वाचायला सुरुवात केली.

"सगळं काढा," कामिनी म्हणाली.

"नावंसुद्धा?"

"नावं तर आधी काढा."

"आणि आरशाला ताईत आहे, तो—"

"तोही."

हेमांगी घुटमळली. हातातलं ब्लेड काचेशी नेलं, पुन्हा मागे घेतलं. "नाही म्हणजे, ताई, एकदा निघालं की परत येत नाही. नक्की ना? घरात दुसरं कोणी, आई वगैरे, विचारायचं असेल तर—"

 पलीकडून त्या बाईचा सुस्कारा ऐकू आला, चांगला लांब.

"अहो बाई," कामिनी म्हणाली, "तुम्हाला गाडी साफ करायची आहे की नाही?"