हौसाच्या परड्यात बैल

हौसाला कोणी निवांत बसलेली बघितली असेल तर मला येऊन सांगा, मी त्याच्या नावाने नारळ फोडीन. तिच्या आणि माझ्या परड्यामध्ये एक दगडांचा गडगा, तोही कमरेएवढा. इतकी वर्षं शेजार काढला, पण ही बाई खाली टेकली म्हणजे फक्त तांदूळ निवडायला. पावसाळ्यात तर विचारूच नका. शहाणी माणसं चुलीपाशी पाय शेकत बसलेली असतात आणि ही डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन परड्यात. काय तर म्हणे पडवळ वाकडं चाललंय, शेंड्याला दगड बांधायला हवा.

आणि एकटीने भिजेल तर हौसा कसली! मिरचीला पहिलं फूल आलं की गडग्यावरून हाक: "गोदे, ये गो, बघ." मी चुलीवरचं टाकून, तोंडाने शिव्या देत जायची. फूल ते केवढं, तर तांदळाएवढं. पण तिथे उभी राहिले की माझाही पाय निघायचा नाही, हे खरं. तिच्या अटीही फार. कोवळ्या फळाकडे बोट दाखवायचं नाही, नाहीतर ते कुजतं. दाखवायचंच असेल तर बोट मुडपून. मासे धुतलेलं पाणी तिला माझ्याही घरातलं हवं असायचं, मिरच्यांना घालायला. मी द्यायची. न देऊन सांगते कोणाला?

आमची वाडी हातखंब्याच्या अलीकडे, सगळी कातळावर. खणायला जावं तर पहार परत उडते. माती म्हणाल तर ती एकट्या हौसाच्या परड्यात, कारण ते खाली पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या कडेला उतरतं. तिच्या सासूने मरताना तिला बजावलं होतं की या तुकड्यात नांगर घालायचा नाही, हाताने खणायचं. त्याला कारण होतं. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषीची पंचमी. त्या दिवशी आम्ही बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाही. हाताने खणून पिकवलेली भाजी तेवढी चालते. रत्नागिरीच्या बाजारात ढिगाने भाजी येते, पण ती घाटावरची, नांगरटीची. म्हणून अख्खी वाडी हौसाच्या परड्यावर अवलंबून. अळू, भेंडी, शिराळी, पडवळ, भोपळा, ती घरोघर वाटायची आणि आमची पंचमी पार पडायची.

या बाबतीत सगळ्यात कडक म्हणजे गंगुबाई. वयाने वाडीत मोठी, पंचमीचं व्रत तिने लग्नापासून एकदाही चुकवलं नव्हतं. भाजीत घालायचं मीठसुद्धा दोनदा विचारून घ्यायची. आम्ही तिला टरकून असायचो.

त्या वर्षी मुंबईत गिरण्यांचा संप लागला आणि हौसाचा मुलगा रघू गावी आला. आला तेव्हा वाटलं होतं, शिमगा करून जाईल. शिमगा गेला, मे गेला, पाऊस लागला, तरी संप मिटायचं नाव नाही. पोराचं लग्न बघत होते तेही राहिलं. सुरुवातीला तो रोज एस.टी. थांब्यावर जाऊन मुंबईची बातमी काढायचा. मग तेही सोडलं. पडवीत भिंतीकडे तोंड करून पडायचा. जेवायला उठवलं तर दोन घास खायचा, बोललं तर हूं की चूं नाही. धट्टाकट्टा पोर, हाताला काम नाही म्हणून आतून पोखरत चाललेला. हौसा परड्यात कमी आणि दारात जास्त दिसू लागली. रघू उठला का, पडला का, पऱ्याकडे तर गेला नाही ना, हेच तिला. एकदा मला म्हणाली, पोटच्या पोराची भीती वाटते गो. मी तिला ओरडले, पण त्या दिवसापासून माझाही एक डोळा त्यांच्या पडवीकडे.

तशातच ती शेवाळावरून घसरली आणि उजवा हात मुरगळला. परडं खणायचं राहिलं. रोपं करून ठेवलेली होती, ती टोपल्यांत तशीच वाढत चालली.

भातलावणीच्या दिवसांत सगळी वाडी खाली मळ्यात. हौसाही एका हाताने का होईना, रोपं पोचवायला गेली होती. मी तापाने पडले होते म्हणून घरी. दुपारी मागच्या पडवीत येऊन बघते तो काय, हौसाच्या परड्यात बैल! पलीकडच्या वाडीतल्या रावजीचे बैल, दुपारच्या सुटीत मागून आणलेले, आणि मागे नांगर धरून रघू. चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेला. मी ओरडले, अरे थांब, थांब मेल्या. पावसात कोण ऐकतो! त्याला वाटलं मी शाबासकी देत्येय. त्याने हात वर केला आणि हसला. कित्येक महिन्यांनी तो हसताना बघितला मी. तोवर अर्धं परडं उलटून झालं होतं. मग मी ओरडायची थांबले.

आता म्हणाल, त्याला कळत नव्हतं? अहो, चौदाव्या वर्षी मुंबईला गेलेलं पोर. बायकांचं व्रत, बायकांनाच ठाऊक. त्याला एवढंच दिसलं की आईचा हात दुखतोय आणि परडं पडून आहे.

संध्याकाळी हौसा आली. मी गडग्याशी उभीच होते. तिने परड्याकडे बघितलं, मग रघूकडे. तो वाट बघत होता, ही काय म्हणते म्हणून. बाई म्हणाली, "बरं केलंस रे बाबा. माझे कष्ट वाचवलेस." आणि त्याला ताटभर भात वाढला, तो त्याने सगळा खाल्ला.

मग गडगा ओलांडून माझ्याकडे आली ती भिजलेलं लुगडं तसंच अंगावर. म्हणाली, तू काही बघितलं नाहीस. तुळशीची शपथ घातली मला. मला! माझ्या पोटात तीळ भिजत नाही हे सगळ्या वाडीला माहीत. मी म्हटलं, मग सांगून टाक ना बायकांना, यंदा भाजी नाही म्हणून. तर म्हणे, का नाही ते विचारतील, आणि संध्याकाळच्या आत रघूच्या कानावर जाईल की तुझ्यामुळे वाडीची पंचमी मोडली. उठून बसलेला पोर पुन्हा भिंतीकडे तोंड करील, आणि मग तो उठायचा नाही. बरं, मग गप्प बस आणि त्यातलीच भाजी दे, कोणाला कळतंय? तर माझ्याकडे अशी बघितली की मीच मान खाली घातली. "त्या बाया माझ्या भरवशावर व्रत धरतात, गोदे," ती म्हणाली.

झालं. तिने माझ्याच न्हाणीमागचा कातळाचा कोपरा धरला. पऱ्याच्या काठची माती दुखऱ्या हाताने खरवडायची, टोपलीत भरून डोक्यावरून आणायची आणि दगडांच्या आळ्यात ओतायची. वर धो धो पाऊस. सकाळी घातलेली माती दुपारी वाहून पुन्हा पऱ्यात. ही पुन्हा टोपली घेऊन खाली. मी कपाळावर हात मारला आणि दुसरी टोपली घेतली. करणार काय, शेजार ना! रघूला वाटायचं, आई गोदाकाकीकडे गप्पा मारायला जाते.

त्या वाफ्यात काय पिकणार? गोगलगाईंना मात्र मेजवानी. सकाळ झाली की आम्ही दोघी वाकून गोगलगाई वेचतोय. उघडीप मिळाली की पानांवर राख टाकायची, राख टाकून पाठ वळवली की सर आलीच. हौसाचा जीव थाऱ्यावर नव्हता. न्हाणीमागे असली की कान पलीकडे, पलीकडे असली की डोळा इकडे. बायका मला विचारत, तू कधीपासून भाज्या लावायला लागलीस? मी फणकाऱ्याने सांगायची, म्हातारचळ लागलाय मला.

आणि पलीकडे? पलीकडे रघूचं परडं नुसतं उसळलं होतं. नांगरलेली माती, शेणखत आणि रिकामा बसलेला तरणा माणूस, मग काय! त्याने बांबूचा मांडव घातला. पडवळांना दगड बांधले आणि रोज उठून ती किती लांबली ते वितीने मोजू लागला. भाट्याच्या नारळ केंद्रावर चालत जाऊन कसलंसं खत विचारून आला, एक माडाचं रोपही घेऊन आला. भेंडीवर मावा पडला तेव्हा राख बरी की ताक, यावरून मायलेकरांची चांगली जुंपली. भांडणाचा आवाज ऐकून मी देवाला हात जोडले. एका दुपारी भर पावसात तो मांडवाखाली गात होता. हौसा माझ्याकडे माती ओढत होती. ती तशीच टोपलीला धरून उभी राहिली. हसत होती की रडत होती, पावसात मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

गंगुबाई रस्त्याने जाता-येता तो मांडव बघायची. सगळ्यांना सांगत सुटली, यंदा पानभर भाजी, हौसाच्या परड्यावर देव प्रसन्न आहे. ऐकून हौसाचं तोंड उतरायचं.

गणपती बसले आणि दुपारी हौसा वाटायला निघाली. न्हाणीमागचं सगळं उपटून, तोडून, घरटी दोन भेंड्या, चार अळवाची पानं, शिराळ्याचा एक तुकडा. बायका त्या भेंड्यांकडे बघत राहिल्या. मांडव तर समोर लवलेला दिसतोय! मुलगा बिनकामाचा, विकणार असेल बाजारात, असं कोणीतरी बोललंच. गंगुबाईने तोंडावर सांगितलं की हौसा, सासूचं नाव घालवलंस. हौसा टोपली उचलून पुढच्या दारी गेली. मी जीभ चावली ती रक्त येईपर्यंत. तुळशीची शपथ नसती तर त्या दिवशी एकेकीला धुऊन काढली असती.

एवढ्याशा भाजीत एक घरही भागेना, म्हणून गंगुबाईने ठरवलं, सगळ्यांचं एकत्र करून तिच्याकडे एकच पातेलं करायचं. पंचमीला पूजा आटोपून आम्ही तिच्या माजघरात बसलो. भाजी चुलीवर रटरटत होती, पातेल्याच्या तळाशी. हौसा कोपऱ्यात, कोणी तिच्याशी धड बोलत नव्हतं.

तेवढ्यात मागच्या दारी रघू. डोक्यावर बांबूचा मोठा हारा, पावसाने निथळतोय. हारा खाली ठेवला तर पडवळं, शिराळी, भेंडी, भोपळा, काठोकाठ.

"आजी, आईने तुम्हाला कमी दिली असं ऐकलं. तिचा हात दुखतो, तिला तोडायला जमली नसेल. ही घ्या." आणि छाती काढून म्हणाला, "उगाच नाही आलं एवढं. रावजीचे बैल घालून मी स्वतः नांगरलंय परडं."

मी हौसाकडे बघितलं. तिच्या तोंडावर रक्त म्हणून राहिलं नव्हतं. गंगुबाईने एकदा हाऱ्याकडे बघितलं, एकदा चुलीवरच्या त्या चिमूटभर भाजीकडे, आणि मग हौसाच्या हाताकडे. नखांत माती, बोटं सोललेली. म्हातारीला सगळं उमगलं.

"छान पिकवलंस हो," गंगुबाई रघूला म्हणाली. "हात चांगलाय तुझा. ठेव तिथे आणि जा, डोकं पूस, पडसं होईल."

तो हसला, आईकडे बघून मान हलवली आणि गेला. त्याची पावलं अंगणापलीकडे गेली. मग एकीने हळूच म्हटलं, हारा बाहेर सरकवू का, उद्या खाऊ.

गंगुबाईने तिला हातानेच थांबवलं. स्वतः उठली, गुडघ्यावर हात टेकून, आणि हाऱ्यातलं एक लांब पडवळ उचललं.

"व्रत काय असतं ते मला कोणी शिकवू नका," ती म्हणाली. "संध्याकाळी तो विचारील, आजी, कशी झाली माझी भाजी? मी काय सांगू त्याला? देवाला काय सांगायचं ते मी सांगेन. हौसाला दुखावलं, तेवढं पाप बस झालं मला."

तिने विळी माझ्याकडे सरकवली. मी पडवळ चिरायला घेतलं. हौसा तोंडाला पदर लावून हुंदके देत होती आणि मधेच पदर काढून मला सांगत होती, बारीक चीर गो, जाड फोडी शिजत नाहीत.