डॉल्बी आणि सोन्याचे अणू

टनेलिंग मायक्रोस्कोपची सुई मी स्वतः करायचो. प्लॅटिनमची बारीक तार कटरमध्ये तिरकी धरायची आणि कापता कापताच हिसडून तोडायची. ते टोक सोन्याला न टेकवता वरून फिरवलं की मधल्या फटीतून वीज उडी मारते आणि पडद्यावर वरून खाली, ओळीओळीनं अणू उमटतात. कुणी दार आपटलं तरी टोक सोन्यात घुसतं.

त्या दुपारी कोल्हापुरात गणपती येत होते. आमच्या प्रयोगशाळेखालीच एका मंडळानं डॉल्बी लावला. लागोपाठ सुया सोन्यात घुसून बोथट झाल्या. माझं पित्त खवळलं. नवी सुई बसवली, यंत्र माझ्यासोबत पीएचडी करणाऱ्या मैत्रिणीच्या हवाली केलं आणि तोच कटर घेऊन खाली धावलो. स्पीकरची वायर तशीच तिरकी धरली आणि हिसडली. डॉल्बी जागच्या जागी मेला.

"वायर तोडतोस व्हय रं?" म्हणत पोरांनी मला लाथाबुक्क्यांनी तुडवलं. शेवटी कॉलर धरून आमच्याच इमारतीच्या भिंतीवर आपटलं.

रक्त पुसत वर आलो, तर मैत्रीण आनंदानं ओरडत होती. पडद्यावर अणूंच्या स्वच्छ रांगा होत्या. चित्राच्या तळाशी फक्त एक आडवा ओरखडा होता.

तो माझं डोकं भिंतीवर आदळलं तेव्हाचा.