न्हाणीतल्या पंख्याचं बटण

दादाने मुंबईहून आणलेली तीन बटणं ओटीवर वर्तमानपत्र पसरून मांडली, आणि वहिनी गेल्यापासून पहिल्यांदाच आमच्या घरात न्हाणीबद्दल बोलणं निघालं.

वहिनी त्याच न्हाणीत वारली होती. बाळंतपणानंतर, थंडीच्या दिवसांत, सकाळच्या अंघोळीला ती आत गेली. निखाऱ्यांची शेगडी आत होती, दार लावलेलं होतं आणि वरचा झरोका पोत्याने बुजवलेला होता, कारण ओल्या बाळंतिणीला वारा लागता कामा नये. बाळाला मांडीवर घेऊन मी बाहेर बसले होते. बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही म्हणून दार ढकललं, तर ती पाटावर भिंतीला टेकून बसलेली. गाल गुलाबी. इतकी टवटवीत ती लग्नातही दिसली नव्हती. शेजारच्या बायका तेच बोलत राहिल्या, की चेहऱ्यावर काय तेज होतं बघा. म्हणजे तिला कोणीतरी नेलं. आईने वर बघितलं. पोतं एका कोपऱ्यात सुटलं होतं. जे तिला न्यायला आलं ते तिथूनच आत आलं, असं आईने त्या क्षणी ठरवलं.

मी वडिलांच्या छापखान्यात वाढले. पाटीवर अक्षरं गिरवण्याआधी पत्रकांवरची अक्षरं वाचायला शिकले. पाणी सगळ्यांचं आहे, मुलींना शाळेत घाला, देवीची लस टोचून घ्या, हे सगळं मी ओल्या शाईच्या वासात वाचलेलं. कोंडलेल्या खोलीत निखारे जळले की विषारी हवा तयार होते, तिला वास नसतो आणि तिने मेलेल्या माणसाचा चेहरा लाल दिसतो, हेही एका पत्रकात होतं. छापलेलं खरं असेल तर ते मोठ्याने बोललंच पाहिजे, असं मी मानत आले. पण घरात मी हा विषय काढला की दादा उठून बाहेर जायचा. बायको त्याची गेली होती, आणि बाळ तिच्या माहेरी वाढत होतं. त्याच्यापुढे माझी जीभ चालायची नाही.

आता ताई बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं सासर कुडपणला, वर डोंगरात. तिकडून ती पोट सांभाळत खाली उतरली होती. न्हाणी तीच, शेगडी तीच. बाळंतिणीला न्हाऊ घालणारी, सव गावची मावशीही तीच. मी म्हटलं, शेगडी नको. मावशी हसली.

"धुरी नाय तर बालंतपण कसलं गो? मग हिला तळ्यावरच वाऱ्याला नेऊन बसवा की!"

आई हसली नाही. तिने फक्त मावशीकडे बघून होकारार्थी मान हलवली, आणि शेगडी राहिली. मग मी दादाला पत्र टाकलं. तो मुंबईत इमारतींमध्ये वायरिंगची कामं करायचा. महाडात आमच्या आळीला वीज येऊन फार दिवस झाले नव्हते. दादा आला तो हवा बाहेर फेकणारा लहान पंखा घेऊनच. झरोका थोडा मोठा करून त्याने तो बसवला. त्याची पाती बाहेरच्या बाजूला, परसात उघडी होती. आता प्रश्न बटणाचा होता.

पहिलं बटण साधं. आईला तेच हवं होतं. "हवं तेव्हा लावू, हवं तेव्हा बंद करू."

"म्हणजे तू लगेच बंद करशील," मी म्हटलं.

"करीन. बालंतिणीच्या डोक्यावर वारा सोडतात काय?"

"वारा आत येत नाही आई, बाहेर जातो."

"ज्या भोकातून जातो त्यातून येत पण असेल."

दुसरं बटण दाबायचं. मुंबईत जिन्यातल्या दिव्यांना असतं तसलं. दाबलं की चालू होतं आणि माणूस चार जिने चढून जाईपर्यंत टिकून आपोआप विझतं. दादाने ते उचललं आणि परत खाली ठेवलं. "ह्याचा टाइम एकदम कमी हाय. ताई आत असतानाच बंद व्हायचं."

तिसऱ्याला घड्याळासारखी तबकडी होती आणि आत स्प्रिंग. चावी दिल्यासारखं फिरवायचं. जास्तीत जास्त तासभर पंखा चालतो आणि मग थांबतो. मधेच उलटं फिरवता येत नाही. त्याची टिकटिक ऐकून मावशी म्हणाली, "आमच्या सवला जमिनीतून उकळतं पाणी येतं, त्याला कुणी चावी दिली हाय?"

"मला हेच हवं," मी म्हटलं. "कोणाच्या मर्जीवर नको. एकदा फिरवलं की फिरवलं."

"न्हाताना टिकटिक कशाला?" आई म्हणाली. "काय मोजायचंय तिचं?"

मग दादा स्क्रू चाचपत हळूच म्हणाला, "तिसरंच लावतो. दाराच्या बाहेर, भिंतीवर. ती बाहेर आल्यावरपण चालू राहिला पाहिजे. निखारे विझत नाहीत ना लगेच." तेव्हा मला कळलं, की त्याला सगळं माहीत आहे. पहिल्यापासून माहीत होतं. बटण लावून तो दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने मुंबईला गेला.

ताईला मुलगी झाली. मावशी ताईला न्हाऊ घालायची, धुरीसाठी ओवा निखाऱ्यांवर टाकायची आणि तिला आत शेकत बसवून बाळाला तेल लावायला माजघरात जायची. दार लोटलेलं. चावी मी फिरवायची. खरं तर माझा विजयच झाला होता. पण ताई अंघोळ करून खोलीत जाऊन पडली तरी रिकाम्या न्हाणीत पंखा घोंघावत राहायचा, आणि तेवढा वेळ आई हातातलं काम टाकून त्या दाराकडे बघत बसायची.

"आत कोणी नाही आई."

"मग कुणासाठी चाललाय तो?"

मी समजावून सांगायचे. ती ऐकायची आणि नजर मात्र दारावरच ठेवायची. हळूहळू मीही त्या दाराकडे पाठ करून बसेनाशी झाले. मी भुताखेतांना मानत नाही. पण त्या आवाजात कोणीतरी सावकाश, न थकता श्वास घेत आहे असं मला वाटायचं, आणि तो थांबला की जास्त भीती वाटायची.

एका सकाळी ताई आत शेकत होती आणि मी उंबऱ्याशी बसले होते. पंख्याचा आवाज बदलला. घशात बोळा कोंबल्यासारखा. मी धावत परसात गेले. आई दगडावर चढून उभी होती. जुन्या लुगड्याची घडी पंख्याच्या तोंडावर दाबून, दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून. तिचे डोळे मिटलेले होते.

"आई! काय करतेस?"

"आत येऊ देनार नाय मी ह्या टायमाला. एकीला नेलं. हिला नाय नेऊ देनार."

मी लुगडं ओढलं. तिने सोडलं नाही. मी ते तसंच टाकून घरात पळाले आणि दार लाथेने उघडलं. ताई डोकं धरून बसली होती. "गरगरतंय गो," म्हणाली. तिला ओढत अंगणात आणलं. तिथे गार हवेत ती ओकली, मग रडली, आणि मग मला शिव्या दिल्या, उघडं अंगणात आणलं म्हणून.

आई परसातून आली. हातात लुगडं होतं. मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. निखारे, कोंडलेली हवा, वास नसलेलं विष, गुलाबी गाल. कोणी आत आलं नव्हतं. बाहेर काही जाऊ शकलं नव्हतं.

आई खाली बसली.

"म्हणजे शेगडी," ती म्हणाली. "शेगडी तर मी ठेवली होती. तिला थंडी वाजत होती म्हणून."

दादा उठून का जायचा, ते मला तेव्हा समजलं. खरं बोललंच पाहिजे असं मी आजही मानते. पण त्या पत्रकावर छापलं नव्हतं, की ते ऐकणाऱ्याचा चेहरा कसा होतो.

शेगडी त्या दिवसापासून आत गेली नाही. मावशी कुरकुरली, तर आईने तिला एका शब्दाने गप्प केलं. ताईची अंघोळ दार उघडं ठेवून होऊ लागली. दारात आई आतल्या बाजूला पाठ करून बसायची. पंखा चालू असायचा. त्याची आता गरज नव्हती, पण चावी आईच फिरवायची.

"त्या दिवशी तिने आतून हाक मारली असेल का गो?" तिने एकदा मला विचारलं.

झोप लागावी तसं होतं, असं मी वाचलं होतं. पण वाचलेलं आणि माहीत असलेलं एक नसतं. "मला माहीत नाही, आई," मी म्हटलं.

आत पाण्याचा आवाज थांबला की आई मागे न बघता हाक मारायची, "गो?" ताई म्हणायची, "हाय." पुन्हा पाणी. पुन्हा शांतता. पुन्हा हाक. ताई सासरी जाण्याच्या आदल्या दिवशी आवाज थांबला, आणि आईच्या तोंडून निघालं, "सूनबाई?"

ताईच्या हातातला तांब्या खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मी आईकडे बघू शकले नाही.

मग आतून ताई म्हणाली, "हाय, आई."