धूर तुमचा, चांदी माझी

"धूर तुमचा, चांदी माझी," असं म्हणत तो हात पुढे करायचा.

समोरच्याच्या पाकिटात शेवटची सिगारेट उरली आहे, हे त्याला लांबूनच कळत असे. मग तो हळूच शेजारी येऊन उभा राहायचा. सिगारेट बाहेर आली, की रिकामं पाकीट त्याच्या हातात गेलेलंच असायचं. आतला चंदेरी कागद तो अलगद ओढून काढी, मांडीवर पसरी आणि अंगठ्याने त्याच्या घड्या मोडत बसे. पूर्ण सपाट होईपर्यंत कुणी काही विचारलं तरी उत्तर मिळायचं नाही. साहेबांनी विचारलं तरी नाही.

स्वतः तो विडीसुद्धा ओढत नव्हता. सिगारेटवाल्यांशी मैत्री मात्र जिवाभावाची. कारखान्यातल्या लोकांनी त्याचं नाव 'चांदीवाला' पाडलं होतं आणि मीही इथे तेवढंच सांगणार आहे.

तेव्हा पिंपरीच्या माळावर औषधांचा कारखाना नुकता उभा राहिला होता. मी स्टोअरमध्ये कारकून, तो सुतारखात्यात. बाटल्या भरायची लाकडी खोकी तो करायचा. राहायला जागा मिळेना, म्हणून पिंपरी गावातल्या एका शेतकरी म्हातारीची पडवीलगतची खोली आम्ही दोघांनी मिळून घेतली. म्हातारीला सगळं गाव आत्याबाई म्हणे, आम्हीही म्हणू लागलो.

खोलीत आलो त्या दिवशी दोघांनी आपापल्या ट्रंका उघडल्या. माझ्या ट्रंकेत कपडे होते. त्याच्या ट्रंकेत लाकडाचे ठोकळे.

"अरे, कपडे कुठायत तुझे?"

"हे काय, अंगावर!" तो म्हणाला. "आणि एक जोड ठोकळ्यांच्या खाली आहे. ठोकळे हलू नयेत म्हणून."

तो सावंतवाडीकडचा. तिकडे पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळणी करतात. त्याच लाकडाची हा विमानं करायचा. हातभर लांबीची, अगदी प्रमाणात. खऱ्या विमानाचा पंख जिथे जेवढा निमुळता होतो, तिथे तेवढाच निमुळता. आणि त्या लाकडावर रंगाचं एक बोटही नाही. लाखेचं पॉलिश, त्यावर पातळ वार्निश, आणि वार्निश चिकटसर झालं की वर बेगड. म्हणजे तीच सिगारेटच्या पाकिटातली चांदी, मागचा पातळ कागद पाण्यात भिजवून सोडवलेली. कापसाच्या बोळ्याने ती दाबत दाबत बसवली, की लाकूड दिसेनासं व्हायचं आणि धातूचं विमान समोर उभं राहायचं. मग बोथट सुईने तो पत्र्यांच्या जोडांच्या रेघा मारायचा, रिबिटांचे टिपके द्यायचा.

लढाईच्या दिवसांत तो कुठल्याशा विमानतळावर खोकी ठोकायच्या कामाला होता. तिथे त्याने उन्हात उभं असलेलं बिनरंगाचं डाकोटा विमान पाहिलं, आणि तेव्हापासून तो त्या विमानाचाच होऊन राहिला.

"रंगीत विमान कोणीही करील," तो म्हणायचा. "रंगाखाली काहीही झाकतं. बेगडीखाली काही लपत नाही रे. केसाएवढा ओरखडा राहिला तरी वरून दिसतो. आधी लाकूड खरं लागतं."

एकदा लोहगावहून उडालेलं एक डाकोटा गावावरून बरंच खालून गेलं. आम्ही जेवत होतो. हा उष्ट्या हाताने अंगणात. "इला, इला!" म्हणजे त्याच्या बोलीत आलं, आलं. परत आला तो विचारात पडलेला. विमानाचे सगळे पत्रे सारखे चकाकत नाहीत, काही उजळ असतात, काही मळकट, हे त्याने बघितलं होतं. आता मळकट चांदी आणायची कुठून?

दुसऱ्या दिवशी आत्याबाई चुलीवर अंडी उकडत होत्या. हा शेजारी जाऊन बसला.

"आत्याबाई, ॲल्युमिनियमच्या पातेल्यात अंडी उकडली की पातेलं आतून काळं पडतं ना?"

"पडतंय की."

"मग ते पाणी टाकू नका. मला द्या."

"आन् अंडी?"

"अंडी तुम्ही खा."

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. "ह्यो बरा हाय न्हवं?" त्यांनी मला विचारलं.

तो बरा आहे म्हणून मी सांगितलं. त्याने त्या पाण्यात चांदीचे तुकडे टाकून पुन्हा उकळले. काही थोडे, काही जास्त. निघाले ते खरोखरच वेगवेगळ्या छटांचे. त्या दिवसापासून आत्याबाईंच्या घरात कुणी अंडं उकडलं, की पाणी आमच्या दाराशी झाकून ठेवलेलं असायचं. "चांदीवाल्याचा चहा," असं त्या म्हणायच्या.

असा माणूस. आता त्याचं लग्न व्हायला हवं होतं. आणि ते होत नव्हतं.

रूप चांगलं, नोकरी पक्की, व्यसन नाही. पण मुलगी बघायला गेला, की गाडी विमानावर घसरायचीच. पुण्यात एका ठिकाणी मुलीच्या मामांनी गंभीरपणे विचारलं, "मग पुढे काय करायचा विचार आहे?" हा तेवढ्याच गंभीरपणे म्हणाला, "पुढे चाकं बसवायची आहेत." तिथून नकार आला. दुसरीकडे मुलीच्या काकांनी सिगारेट पेटवली आणि याने बोलणी चालू असताना पाकिटासाठी हात पुढे केला. तिथूनही नकार आला.

दुसऱ्या नकारानंतर मात्र तो थोडा हिरमुसला. "मला कळतं रे," एका रविवारी तो म्हणाला. "सगळ्यांना वाटतं, हा खेळणी करत बसतो. कुणी यावं घरात आणि रोज तोंड वाकडं करावं, त्यापेक्षा एकटं बरं." आणि पुन्हा कामाला लागला. पण तेही काम तेव्हा अडलेलं होतं. डाकोटाचं नाक गोल, फुगीर. त्यावर चांदी बसेना. कितीही हळू दाबली तरी सुरकुत्या पडायच्या. तो बसवायचा, बघायचा, खरवडून काढायचा. माझ्या ओळखीतल्या सगळ्या सिगारेटवाल्यांनी त्या नाकापायी आपली फुप्फुसं झिजवली.

शेवटी आत्याबाईंनीच स्थळ आणलं. कासारवाडीला रेल्वेत सिग्नलवर काम करणारे एक गृहस्थ होते, त्यांच्याकडे आत्याबाईंचं दूध जायचं. "तुमच्याच मुलखातला हाय. पोरगी मशिनीवर शिवती. आयबिगर वाढलीया, पर लई निटस," आत्याबाई म्हणाल्या. आणि मग त्याच्यापुढे बोट नाचवत, "आन् हे बघ, तितं इमानाचं नाव काडायचं न्हाई. काडलंस तर त्यो पानी बंद!"

त्याने आत्याबाईंच्या गळ्याची शपथ घेतली.

आम्ही तिघं गेलो. रुळांजवळचं दोन खोल्यांचं घर. मुलीचे वडील उंच, कमी बोलणारे. समोरच्याचं बोलणं संपलं तरी अजून थोडं येईल म्हणून थांबणारे. मुलगी शिऱ्याच्या बश्या घेऊन आली आणि भिंतीपाशी बसली. हा खाली मान घालून शिरा खात होता. हवापाणी झालं, गावची चौकशी झाली, पगार झाला. आत्याबाई माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवत होत्या.

आणि लांबून आवाज आला.

मी त्याचं मनगट धरलं. पण तो गेला. हातात शिऱ्याची बशी, पायात चपला नाहीत, तसाच अंगणात. विमान घरावरून गेलं, भांडी किणकिणली. आत्याबाईंनी कपाळाला हात लावला.

तो परत आला, जागेवर बसला आणि पुन्हा मान खाली घातली.

"काय झालं?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

त्याने आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांच्या गळ्याचा प्रश्न होता. "काही नाही," तो म्हणाला.

वडील त्यांच्या सवयीप्रमाणे थांबून राहिले. ती शांतता त्याला सहन झाली नाही. "डाव्या पंखाचा एक पत्रा नवा बसवलाय. बाकीच्यांपेक्षा जास्त चमकतोय," तो भडाभडा बोलून गेला.

"म्हणजे ठिगळ?" भिंतीकडून आवाज आला.

आम्ही सगळे तिकडे वळलो. मुलगी मान वर करून बघत होती.

"ठिगळच," तो म्हणाला. "बरोबर. ठिगळच म्हणायचं."

मग शपथ राहिली बाजूला. लाकूड, वार्निश, चांदी, अंड्याचं पाणी, सगळं बाहेर आलं. मुलगी मध्येमध्ये विचारत होती, आणि ती नुसती ऐकत नव्हती, तिचे हात मांडीवर हलत होते, जणू तीच बेगड बसवते आहे. शेवटी तो नाकापाशी आला. "तिथे सुरकुत्या पडतात. काही केल्या जात नाहीत."

"एकाच तुकड्यात लावता?"

"मग?"

"गोलावर सबंध तुकडा कसा बसेल? बाळाचं टोपडं शिवताना आपण कळ्या कापतो ना? वर निमुळत्या, खाली रुंद. तशा लावायच्या."

तो तिच्याकडे बघत राहिला. बशीतला शिरा केव्हाच गार झाला होता.

"तुम्ही आधी शिरा खा," वडील एवढंच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

परत येताना आत्याबाई तरातरा पुढे चालत राहिल्या. गाव आल्यावर म्हणाल्या, "गेलं हे बी." मलाही तसंच वाटलं. फक्त त्याचं लक्ष नव्हतं. तो हवेत बोटाने कळ्या कापत चालला होता.

पुढच्या रविवारी सकाळी मला जाग आली ती त्याच्या हसण्याने. खिडकीतून ऊन आलं होतं आणि त्या उन्हात डाकोटाचं नाक होतं, गुळगुळीत. कळ्यांचे जोड म्हणजे खऱ्या पत्र्यांचे जोड वाटत होते.

"चल," तो म्हणाला.

"कुठे?"

"कासारवाडीला. तिला दाखवायला हवं."

मी त्याला समजावलं. अजून होकार नाही, नकार नाही. असं बिनबोलावता मुलीच्या दारात जात नाहीत. लोक काय म्हणतील. तो सगळं ऐकून म्हणाला, "तू मागे बसून विमान धरशील ना?"

मुंबई-पुणे रस्त्यावरून आमची सायकल निघाली. तो पुढे पायडल मारतोय, मी मागे कॅरिअरवर, दोन्ही हातांत विमान डोक्यावर धरलेलं, कारण वाऱ्याने पंखाला माझा सदरा घासू नये अशी त्याची ताकीद. सकाळचं ऊन पडलेलं. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. भाजीच्या बैलगाडीतला गाडीवान उभा राहून ओरडला, "आरं, जपून उतरवा!" मी हसायला लागलो, तोही हसायला लागला, सायकल झोकांड्या खाऊ लागली, आणि तरी तो थांबेना.

दार वडिलांनी उघडलं. विमान पाहिलं, आम्हाला पाहिलं.

"मी आज तुमच्याकडे निरोप पाठवणार होतो," ते सावकाश म्हणाले. "नको म्हणून."

त्याच्या हातात विमान तसंच राहिलं. चेहरा एकदम उतरला. "बरं," तो म्हणाला. "पण एकदा तिला दाखवू का? मग जातो."

वडील काही बोलायच्या आत मुलगी बाहेर आली होती. तिने विमान हातात घेतलं, उजेडाकडे फिरवलं, नाकावरून बोट फिरवलं. किती तरी वेळ.

"ही कळी वाकडी आहे," ती म्हणाली.

"कुठे वाकडी?"

"ही काय."

"ती सरळच आहे. तुम्ही वाकडं धरलंय."

"मी सरळ धरलंय. तुम्ही घाईने कापलीत. कात्री बोथट असेल."

"कात्री सुताराची आहे!"

"मग तेच म्हणतेय मी. थांबा, माझी आणते."

ती आत गेली. तो तिच्या मागे उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आला. वडील माझ्याकडे वळले. आतून कात्री शोधण्याचा आवाज येत होता.

"हिची आई गेल्यापासून ही एवढं मोठ्याने कधी बोलली नव्हती," ते म्हणाले. "आता मी लाल दाखवून उपयोग नाही. गाडी पुढे गेली."

लग्न कासारवाडीतच झालं. आत्याबाईंनी पंगतीत सगळ्यांना सांगितलं, की ही जोडी त्यांच्या अंड्यांच्या पाण्याने जमली. मी शेजारीच दुसरी खोली बघितली. पडवीलगतच्या आमच्या खोलीत त्यांचा संसार सुरू झाला. लाकूड त्याचं, चांदी तिची, अशी वाटणी झाली. भांडणं रोज ऐकू यायची, पण ती सगळी पंखाच्या कडांवरून आणि शेपटीच्या जोडांवरून. मीठ कमी पडल्याचं भांडण मी त्या घरात ऐकलं नाही. दोघांच्या हातून झालेली विमानं बघायला कारखान्यातले लोक बायकापोरांसकट यायचे. एकदा पुण्याहून आलेले एक बडे साहेब पाहून गेले. डाकोटा त्यांना फार आवडलं. त्यांच्याच ओळखीने दक्षिणेकडे, विमानं बांधतात अशा ठिकाणी, लाकडी नमुने करायच्या कामावर त्याला बोलावणं आलं.

"जायचं?" त्याने तिला विचारलं.

"खरं विमान हात लावून बघायला मिळेल?" तिने विचारलं.

"मिळेल."

"मग विचारता काय?"

पिंपरी स्टेशनावर त्यांना पोचवायला मी, आत्याबाई आणि तिचे वडील होतो. गाडी आली. थांबते थोडाच वेळ. तो घाईने चढला, खिडकीपाशी जागा धरली, विमान मांडीवर ठेवलं आणि सुटकेचा श्वास सोडला. ती फलाटावर, कडेवर चार महिन्यांची मुलगी, पायाशी ट्रंक, वळकटी, शिवणाचं मशीन.

"अहो!"

"काय?"

"काही राहिलंय का बघा."

त्याने विमान नीट निरखलं. "नाही," तो म्हणाला.

तिचे वडील हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. आम्ही धावपळ करून सामान चढवलं, ती चढली, मुलगी आत्याबाईंच्या हातांतून खिडकीतून आत गेली. "संभाळून ऱ्हावा," आत्याबाई म्हणाल्या आणि पदराने नाक पुसू लागल्या.

गाडी हलली. सकाळचं ऊन खिडकीत शिरलं आणि त्याच्या मांडीवरच्या पंखावर पडलं. त्याचा एक लखलखीत कवडसा बाहेर आला, फलाटाच्या भिंतीवरून धावत आमच्याकडे आला आणि आत्याबाईंच्या डोळ्यांवर पडला. त्यांनी हाताने डोळे झाकले. त्याने ते खिडकीतून पाहिलं असावं. विमान थोडं कलतं केलं, कवडसा वर गेला, स्टेशनच्या कौलांवरून सरकत सरकत लांब गेला आणि दिसेनासा झाला.